खोकल्याचं बटण

या, असे पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकलात की डोळा लागतो, आणि आजची गोष्ट डोळा लागू देणारी नाही. पाच देश कान लावून बसलेले असताना एका बहिणीनं भर सभेत एक चूक केली. त्या चुकीच्या पोटात देवानं काय दडवून ठेवलं होतं, ते सांगतो. हसू आलं तर खुशाल हसा. देवाला हसण्याचं वावडं नाही, आपल्यालाच आहे.

ती बहीण दुभाषी होती. सगळे तिला ताई म्हणत, आपणही ताईच म्हणू.

दुभाष्याचं काम कसं असतं? सभागृहाच्या मागे, जिन्यावर, एक काचेची खोली. आत दोन खुर्च्या, दोन माईक, कानांवर हेडफोन. समोरचा माणूस एका भाषेत बोलतो आणि त्याचं वाक्य संपायच्या आत ते दुभाष्याच्या तोंडून दुसऱ्या भाषेत बाहेर पडतं. आणि या धंद्याचा नियम ऐका. दुभाषी 'तो म्हणतो' असं म्हणत नाही. 'मी' म्हणतो. बोलणारा म्हणाला, मला भूक लागलीये, की दुभाष्यालाही भूक लागली, मग तो आत्ताच पोटभर जेवून का आलेला असेना. मंत्री बोलला की ताई मंत्री, चोर बोलला की ताई चोर. स्वतःचं असं काही मध्ये घालायचं नाही.

पण दुभाषीही माणूसच. त्याला शिंक येते, ठसका लागतो. त्यासाठी माईकशेजारी एक बटण असतं, खोकल्याचं बटण. दाबून धरलं की लाल दिवा विझतो आणि माईक मुका होतो. बोट उचललं की दिवा पेटला, जग ऐकू लागलं. माईक कायमचा बंद करणं खाली बसलेल्या साउंडवाल्याच्या हातात, दुभाष्याच्या हातात एवढं बटणच. आता खरं सांगू? त्या बटणाखाली खोकला कमी आणि चहाड्या जास्त होतात.

ताईचे जोडीदार होते थर्मासकाका. घसा शेकायला गरम पाण्याचा थर्मास घेऊन फिरत, म्हणून थर्मासकाका. डोक्याला पूर्ण टक्कल, जिभेला पूर्ण धार.

त्या दिवशीची सभा मोठी रंगतदार होती. पाच देशांतली तरुण पोरं. एका देशातली या सभागृहात खच्चून भरलेली, बाकीच्या चार देशांतली समोरच्या मोठ्या पडद्यावर. विषय असा, की आपल्या वयाची मुलं 'आपलेच खरे, बाकीचे शत्रू' म्हणत टोकाला जातात, हातात दगड घेतात, तेव्हा आपण काय करतो? आणि एकेकाचं उत्तर असं तिखट, की सभागृहात टाळ्या थांबेनात!

एका देशातली बेकरीत काम करणारी मुलगी म्हणाली, "आमच्याकडे यावर कुणी बोलतच नाही. लाज वाटते. घरातलं कुणी गेलं तर शेजाऱ्यांना सांगतात, परदेशी नोकरी लागली."

दुसऱ्या देशातला नर्सिंग शिकणारा मुलगा म्हणाला, "आम्ही त्यांच्यावर विनोद करतो. हसून हसून त्यांची हवा काढतो."

"आणि हवा जाते?" सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी विचारलं.

"आमची करमणूक होते," तो म्हणाला. सगळे खो खो हसले.

तिसऱ्या देशातली बस चालवणारी तरुणी टेबलावर हात आपटत म्हणाली, "हसता काय? आम्ही सरळ पोलिसांना कळवतो. मी माझ्या आतेभावाचं कळवलं. तेव्हापासून आत्या माझ्या बसमध्ये चढत नाही. चालत जाते."

आणि मग चौथ्या देशातला नळदुरुस्ती करणारा एक मुलगा बोलायला उठला. त्याची भाषा अशी, की त्या साऱ्या जाळ्यात ती समजणारे दोघेच, ताई आणि थर्मासकाका. त्याचं बोलणं ताईनं आपल्या भाषेत आणायचं, आणि सभेतलं बोलणं काकांनी त्याच्या भाषेत न्यायचं. बाकी देशांचे दुभाषी ताईच्या तोंडाकडे कान लावून बसलेले. ती जे म्हणेल तेच ते आपापल्या भाषेत म्हणणार. देवळात गाणारा एक चरण सुरू करतो आणि मागे उभे असलेले तोच उचलतात ना, तसं! पुढचा चुकला तर मागचे सगळे एका सुरात चुकणार.

आता जरा ताईच्या घरात डोकावू, म्हणजे पुढची गंमत आणि पुढचा घोर दोन्ही कळतील.

घरी आई, ताई आणि धाकटा भाऊ. लहानपणी मूठभर होता म्हणून त्याला चिमण म्हणत. आता दाराच्या चौकटीला डोकं लागायचं, तरी चिमणच. एका लिफ्टच्या कारखान्यात दुरुस्तीचं काम करायचा. कुठलीही अडलेली लिफ्ट असो, हा कान लावून सांगायचा, वरची मोटर की खालचं दार. कारखान्यातला त्याचा दोस्त शिट्ट्या. तोंडात कायम शिट्टी, लांबून कळायचं आला म्हणून. या शिट्ट्यानं त्याला एका माणसाकडे नेलं. त्याला सगळे सरदार म्हणत. सरदार सांगायचा, आपल्या साऱ्या दैन्याचं मूळ पुलापलीकडची माणसं. तिथं चिमणला चिमण म्हणत नसत. वाघ म्हणत.

"घरी चिमण, बाहेर वाघ," ताई चिडवायची. "शिकार काय करतोस रे? वरण-भात?"

तेव्हा हसायचा. मग हसेनासा झाला. पुलापलीकडच्या एका इमारतीची लिफ्ट बंद पडली, तर गेलाच नाही. चौथ्या मजल्यावरचे आजी-आजोबा जिने चढताहेत हे कळलं, तरी गेला नाही. ताई भांडली, तो दार आपटून गेला. आणि परवा जिन्यात शिट्ट्याचं बोलणं तिच्या कानावर पडलं. गाडी येणार, शिबिराला नेणार, परत कधी ते विचारायचं नाही. आणि घराची किल्ली घरीच टाकून यायची. सरदार म्हणतो, ज्याच्या खिशात घर आहे, त्याच्या हातात जोर नाही.

गाडी पुढच्या आठवड्यात, असं तिनं ऐकलं होतं. तोवर समजावू, आईला आत्ताच कशाला हादरवायचं, असं मनाशी धरून होती. आणि सभा ऐन रंगात असताना तिच्या फोनवर चिमणचा निरोप उमटला, 'किल्ली द्यायचीय. मध्यंतरात खाली ये.'

ताईनं काचेतून खाली पाहिलं. मागच्या रांगेत, दाराशी, चिमण! स्वयंसेविकेनं त्यालाही बाकीच्यांसारखा हेडफोन देऊन बसवलेलं, आणि मांडीवर बॅग.

पण माईकवर नळवाला सुरू झाला होता, आणि ताईची जीभ आपोआप चालू लागली, "मीही एका गटात होतो. मी दगड मारलेत. आज ज्यांचे नळ दुरुस्त करतो, त्यांच्याच काचा मी फोडल्यात..."

सभागृह ताठ झालं. पडद्यावरची बेकरीवाली तोंडावर हात ठेवून ऐकत होती. तेवढ्यात नळवाला पाण्याचा ग्लास घ्यायला वाकला.

एवढीच फट. ताईनं खोकल्याचं बटण दाबलं आणि काकांकडे वळली. "काका, चिमण आलाय! किल्ली द्यायला आलाय!"

"मग घे की. त्यात काय?" काका थर्मासचं झाकण फिरवत म्हणाले.

"कळत कसं नाही तुम्हाला? तो चाललाय!" आणि बोलता बोलता ती काचेतून नीट पाहायला उठली. उठली, आणि बोट बटणावरून सुटलं! लाल दिवा पेटला. तिचं लक्ष खाली, काकांचं थर्मासमध्ये.

"माझा भाऊ मागच्या रांगेत बसलाय बघा! मांडीवर बॅग. आज त्याला गाडी न्यायला येणार, आणि तो परत यायचा नाही. आईला काही माहीत नाही. ती घरी त्याच्या सदऱ्याचं बटण लावत बसलीये. काय करू मी? सांगा ना, काय करू?"

आता बघा काय झालं! सगळ्या देशांचे दुभाषी, मोठे इमानी लोक, त्यांनी तो चरण जसाच्या तसा उचलला. पाच देशांतल्या पोरांच्या कानात आलं, 'माझा भाऊ मागच्या रांगेत बसलाय, काय करू मी?' आणि पडद्यावर दिसतोय कोण, तर पाणी पिणारा नळवाला!

एकच गलका उसळला. "अरे, मग उठव त्याला!" बसवाली ओरडली. "दार लावा! कोणती मागची रांग? तुझ्या मागे तर भिंत आहे!"

"पोलिसांना सांग, आत्ताच्या आत्ता!" कुणीतरी.

"नको, त्याला मिठी मार!" बेकरीवाली रडतच म्हणाली. नर्सिंगवाला विनोद करायला गेला, तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

काकांनी दिवा पाहिला. त्यांचं टक्कलसुद्धा लाल झालं. पण नियम तो नियम. सभेतलं बोलणं त्या मुलाच्या भाषेत न्यायला हवं. त्यांनी नेलं. नळवाल्यानं ग्लास खाली ठेवला, भांबावून मागच्या भिंतीकडे पाहिलं आणि मान हलवत एक वाक्य बोलला.

त्याचं वाक्य होतं, 'मला भाऊच नाही.'

आता ते वाक्य ताईनं म्हणायचं. नियमाप्रमाणे, 'मी' लावून. आणि खाली सभागृहातली डोकी एकेक करून मागच्या रांगेकडे वळलेली. बॅगवाला मुलगा एकच. चिमणचा चेहरा पांढराफटक. बहिणीचा आवाज त्यानं ओळखला नसता तर नवल. तो उठला, बॅग खांद्याला लावली, दाराच्या कडीला हात घातला. कानांवर हेडफोन तसाच. त्या कानांत आता बहिणीच्या आवाजात जाणार होतं, मला भाऊच नाही!

वळेल का हो जीभ? पाच देश थांबलेत, मागचे दुभाषी चरण उचलायला तयार, आणि पुढची गाणारी मुकी! काकांनी तिच्या माईककडे हात केला. ते म्हणून मोकळे होणार होते. तिनं त्यांचा हात धरला आणि माईकवर वाकली.

"नळवाला म्हणतो, त्याला भाऊ नाही," ताई म्हणाली. "मला आहे. आत्ताचं सगळं मी बोलले, त्या मुलाचा त्यात दोष नाही. मी दुभाषी आहे. माझ्याकडून बटण सुटलं. आणि घराची किल्ली द्यायला येऊन दाराशी उभा आहे, तो माझा भाऊ आहे."

मागच्यांनी तेही उचललं. एकेका भाषेत, इमानदारीत, 'मला आहे. मला आहे. मला आहे.'

चिमणचा हात कडीवरच थांबला.

काकांच्या तोंडून हे सगळं ऐकून नळवाला खुर्चीतून जवळजवळ उडालाच. "थांबा, थांबा! किल्ली द्यायला आला होता, असं ऐकलं मी. किल्ली टाकून यायला सांगितलं का त्याला? आमच्याकडेही! आमचा म्होरक्या म्हणायचा, किल्ली घरी फेकून या!"

ताईच्या तोंडून हे बाहेर पडतं न पडतं, तोच बसवाली उभी राहिली. "काय सांगतोस! माझ्या आतेभावानंही आत्याच्या उशाशी किल्ली ठेवली होती!" आणि बेकरीवाली, "आमच्या गल्लीतल्या मुलानं पायपुसण्याखाली!" चौघांनाही एकदम बोलायचं होतं. वेगळाले देश, वेगळाले शत्रू, भाषा तर एकमेकांना न कळणाऱ्या, आणि किल्ली मात्र सगळीकडे तीच. सूत्रसंचालक बाईंनी हातातला कागद केव्हाच ठेवून दिला होता.

"ए वाघा!" मागून कुणीतरी चिमणला हाक मारली. सभागृहातल्या एकाला त्याचं तिकडचं नाव ठाऊक होतं. "बोल की आता!"

चिमण गर्रकन वळला. स्वयंसेविकेच्या हातातला माईक त्यानं ओढूनच घेतला. "बोलतो! काय बोलू? तुम्ही सगळे आत्ता विचारताय. कारखान्यात माझं नाव कुणाला ठाऊक नाही, मला लिफ्टच्या नंबरानं हाक मारतात. सरदारानं पहिल्याच दिवशी जवळ बसवून विचारलं, तुझं दुःख काय. तुमच्यातल्या कुणी विचारलंत? मी शब्द दिलाय. मी विसाचा आहे, कुकुलं बाळ नाही!"

आणि काकांनी, सत्तरीला टेकलेल्या काकांनी, घामानं डबडबून ते सगळं त्या मुलाच्या भाषेत म्हटलं. "मी विसाचा आहे, कुकुलं बाळ नाही!" ताईला त्या घोरातही हसू फुटलं. चिमणला काचेतून काकांचं टक्कल दिसलं, आणि त्याच्या ओठाची एक कड हलली. हलली, हे ताईनं पाहिलं.

नळवाला आता शांतपणे बोलू लागला, आणि ताई त्याच्यामागून. "तुझं दुःख खोटं नाही. माझंही नव्हतं. मी गेलो आणि आठवड्याभरात मला घरी यायचं होतं. तिथं पहिल्या दिवशी दुःख विचारतात, दुसऱ्या दिवसापासून कुणी विचारत नाही. मी पळून घरी आलो. आईनं रागानं कुलूप बदललं होतं. किल्ली माझ्याकडे नव्हती, आणि असती तरी लागली नसती. दार वाजवायची हिंमत झाली नाही. परत गेलो, आणि पुढची दोन वर्षं जे केलं, ते मला देवासमोरही सांगवत नाही. ताई, ती किल्ली घेऊ नका. मी तुमच्या जागी असतो तर घेतली नसती."

आणि मग ताईनं पुन्हा नियम पाळला. डोळे भावावर लावून 'मी' म्हणाली. "मी ती किल्ली घेणार नाही."

एवढं म्हणाली आणि बांध फुटला. हुंदका घशातून उसळला. तिनं बटण चाचपलं, दाबलं, पण हात असा थरथरत होता की दिवा विझे, पेटे, विझे, पेटे, आणि पाच देशांच्या कानात हुंदक्यांचे तुकडे जात राहिले. काकांनी नळवाल्याचं बोलणं आपल्या माईकवर घेतलं. एक हात हेडफोनवर, दुसऱ्यात पेन्सिल.

चिमण जिना चढून वर आला होता. काचेच्या खोलीच्या दारात किल्ली पुढे धरून उभा. "घे. मला उशीर होतोय," तो कुजबुजला. तेवढ्यात दिवा पेटला, आणि त्याची ती कुजबूजही जगभर गेली.

काकांनी बोलणं न थांबवता त्याच्याकडे डोळे वटारले आणि पेन्सिलीनं बटण दाखवलं. खूण अगदी स्पष्ट, धर ते, गाढवा!

बटणं, तारा, दिवे म्हणजे चिमणचं घरचं काम. त्यानं ताईचा हात हळूच बाजूला केला आणि अंगठा बटणावर ठेवला. किल्ली त्या हातात मावेना. ती त्यानं वरच्या खिशात टाकली. लाल दिवा विझला. आणि त्या विझलेल्या दिव्याआड ताई धाय मोकलून रडली. किती दिवसांचं साठलेलं!

आणि बाहेरून शिट्टी आली.

लांबलचक, ओळखीची, शिट्ट्याची शिट्टी. गाडी आली होती. चिमणचे खांदे ताठ झाले. पण अंगठा उचलला की बहिणीचं रडणं जगभर! पुन्हा शिट्टी. काका बोलतच होते. ताईनं डोकं त्याच्या बॅगेवर टेकलेलं. "जा," ती म्हणाली, "मी धरते बटण."

"गप. तुझा हात कापतोय," चिमण म्हणाला. "नीट रड आधी."

तिसरी शिट्टी जरा तुटक आली. मग गाडीचं दार आपटल्याचा आवाज, मग इंजिनाचा, मग काही नाही. चिमणचं कपाळ घामानं ओलं झालं होतं, पण अंगठा हलला नव्हता. लिफ्टचं दार दोन हातांनी अडवून माणसं बाहेर काढणारा मुलगा तो, जागचा हलतो कशाला?

ताईनं नाक पुसलं, हेडफोन चढवला, मान हलवली. त्यानं अंगठा उचलला. दिवा पेटला.

"माफ करा," ती जगाला म्हणाली, "जरा खोकला आला होता."

अहो, काय हशा उसळला! काय टाळ्या! नर्सिंगवाला म्हणाला, हा आजचा सगळ्यात चांगला विनोद, आणि तो मी केलेला नाही, याचं मला वाईट वाटतं. बसवालीनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं की संध्याकाळी ती आत्याच्या दाराशी बस थांबवणार आहे, मग प्रवासी ओरडोत!

त्या संध्याकाळी चिमणनं स्वतःच्या किल्लीनं दार उघडलं. आईला समोर बसवून सगळं सांगितलं. आईनं आधी एक सणसणीत ठेवून दिली, मग बटण लावलेला सदरा त्याच्या अंगाला लावून पाहिला. दुसऱ्या दिवशी पुलापलीकडची लिफ्ट सुरू झाली. चौथ्या मजल्यावरच्या आजींनी त्याला नाव विचारलं, तर म्हणाला, चिमण.

पण गोष्ट इथं संपवून टाळ्या घेतल्या तर मला पाप लागेल. त्या गाडीत शिट्ट्या बसून गेला. चिमणनं फोन केले, शोधलं, सरदाराची माहिती द्यायची तिथं दिली, सरदार सापडलाही. शिट्ट्या अजून सापडलेला नाही. त्याच्यासाठी बटण धरायला कुणी नव्हतं, आणि त्यानं धरावं असं बटणही कुणी त्याला दाखवलं नव्हतं. त्याची किल्ली त्याच्या आईला फळीवर मिळाली. चिमणनं तिला नळवाल्याची गोष्ट सांगितली आहे. त्या माउलीनं कुलूप बदललेलं नाही. रात्री कडीसुद्धा घालत नाही.

तेव्हा बाबांनो, मायांनो, आज घरी जाल, झोपण्याआधी देवाला हात जोडाल, तेव्हा आपल्या लेकरांसाठी मागाल ते मागाच. पण शेवटी एकदा त्या शिट्ट्याची आठवण ठेवा. आणि रस्त्यानं कधी लांबलचक शिट्टी ऐकू आली, तर वळून बघा.